जुना नमुना आणि सुटा भाग

वस्तूच्या दीर्घायुष्याविषयी बोलताना आपण बहुधा दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो. आपल्या हाती असलेले एक घड्याळ किंवा आपल्या घरातला एक कुकर किती वर्षे चालला, ही एक गोष्ट. आणि त्या घड्याळाचा किंवा कुकरचा नमुना कारखान्यातून किती वर्षे तसाच बाहेर पडत राहिला, ही दुसरी. पहिलीचा संबंध मालकाच्या निगेशी आहे, दुसरीचा कारखानदाराच्या धोरणाशी. परंतु या दोहोंना जोडणारा एक धागा आहे, आणि तो तुटला म्हणजे मालकाची निगा आणि कारखानदाराची कीर्ती दोन्ही निष्फळ ठरतात, ही गोष्ट मला आमचे डोंबिवलीतील शेजारी अण्णा आणि ठाण्यास राहणारी त्यांची भाची यांच्या एका दीर्घ संभाषणात प्रथम नीट उमगली. त्या संभाषणाची हकीकत, मला आठवते तशी, पुढे देत आहे.

अण्णा मध्य रेल्वेच्या लेखा खात्यातून निवृत्त झाले असून टिळकनगरात राहतात. भाचीचे शिक्षण पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली निघालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये झाले, आणि आज ती ठाण्यातील एका कार्यालयात घरगुती उपकरणांचे आराखडे करते. अण्णांच्या अमृतमहोत्सवानिमित्त तिने त्यांना नवे घड्याळ देण्याचे योजिले होते. अण्णांनी उलट निरोप धाडला होता की, नवे नको, माझ्या जुन्या ‘जनता’चे काम करून दे. विषयाला तोंड फुटले ते येथून.

“अण्णामामा,” ती म्हणाली, “काम करून द्यायला माझी ना नाही. परंतु तुम्ही ज्या आदराने ‘जनता’चे नाव घेता त्यात घड्याळाच्या गुणांचा वाटा किती आणि त्या काळी दुसरे काही मिळतच नव्हते याचा वाटा किती, याचा हिशेब तुम्हीच मांडा, तुमची हयात हिशेबात गेली आहे. एच.एम.टी.ने सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे परदेशी घड्याळ हवे असेल तर एक तर जबर जकात भरावी लागे, नाही तर चोरट्या मालाच्या वाटेला जावे लागे. ज्याच्या दुकानासमोर गिऱ्हाईक रांग लावून उभे आहे तो दुकानाची मांडणी कशाला बदलील? ‘जनता’ परिपूर्ण होती म्हणून तशीच राहिली असे नव्हे. ती बदलण्याची निकड कारखान्याला कोणी भासूच दिली नाही. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर २०१४ पर्यंत निघत राहिली, ती काय तिच्या गुणोत्कर्षामुळे? १९८४ साली टाटांनी तमिळनाडू सरकारच्या महामंडळाशी भागी करून टायटन काढली, होसूरहून क्वार्ट्झ घड्याळे येऊ लागली, आणि निवडीची मुभा मिळताच गिऱ्हाइकाने कोणाला निवडले ते तुमच्या डोळ्यांदेखत घडले आहे.”

अण्णांनी या कैफियतीचा इन्कार केला नाही, आणि मला वाटते तो करताही आला नसता. “परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाची कुचंबणा झाली हे मला मान्य आहे,” ते म्हणाले. “स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पिढीतला मी आहे. पण बाळ, मक्तेदाराला वाईट माल देण्याचीही मुभा असते. ती असताना ज्यांनी सतरा ज्युवेलचे, धक्का सोसणारे, तासाला अठरा हजार ठोके देणारे मशीन बनविले, आणि ते अशा रीतीने बनविले की आमच्या स्टेशनजवळ जिन्याखाली बसणाऱ्या कारागिराला ते उघडता यावे, धुता यावे आणि पुन्हा जोडता यावे, त्यांच्या कामाची किंमत मक्तेदारी या एका शब्दाने उतरत नाही. नमुना बदलला नाही याचे कारण स्पर्धेचा अभाव असेल. परंतु तो दुरुस्त होतो याचे कारण स्पर्धेचा अभाव नव्हे. ते करणाऱ्याच्या हेतूत होते.”

या जिन्याखालच्या कारागिराकडे अण्णांबरोबर मीही गेलो होतो, आणि तेथे पाहिलेले थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. इमारतीच्या जिन्याखाली एक माणूस बसेल एवढी जागा, पुढे काचेचे झाकण असलेले बुटके टेबल, त्यावर स्वच्छ पांढरा कागद. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण पात्याने उचकटले आणि रबरी फुग्याने आत हलकी फुंकर घातली. बॅलन्सचे चक्र अर्धे फिरले, एका अंगास कलले आणि थांबले. “स्टाफ गेलाय,” तो म्हणाला. स्टाफ म्हणजे त्या चक्राचा आस. त्याची दोन्ही टोके केसासारखी बारीक असतात, आणि घड्याळ हातातून पडले की बहुधा तीच मोडतात. नवा स्टाफ मिळेल काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने खणातून पत्र्याचा एक चपटा डबा काढला. त्यात बिनपट्ट्याची, बिनकाचेची, काही तर बिनतबकडीची अशी निकामी झालेली ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ घड्याळे होती. “नवीन माल येत नाही आता. बंद पडलेली घड्याळं लोक विकतात, त्यांतलं काढून घालतो.” त्याने एक मशीन निवडले, चिमट्याने त्यातला बॅलन्स अलगद उचलला, अण्णांच्या घड्याळात बसविला, एक सूक्ष्म स्क्रू फिरविला, आणि चक्र दोन्ही बाजूंस सारखे झुलू लागले. हे सर्व व्हायला फार वेळ लागला नाही. वेळ लागतो तो नंतरच्या धुण्याला आणि तेल देण्याला.

या दृश्यातला मथितार्थ मला तेथेच बसल्या बसल्या जाणवला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. अण्णांच्या घड्याळाला भाग पुरविण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकावी असा तो कारखाना आज उभा नाही. तरीही ते घड्याळ चालू होऊ शकले, कारण त्या घराण्यातल्या चावीच्या घड्याळांत एकाच जातीचे मशीन वर्षानुवर्षे, प्रचंड संख्येने बसविले गेले, आणि म्हणून बंद पडलेले प्रत्येक घड्याळ हे चालू असलेल्या घड्याळांचे कोठार झाले. दर दोन वर्षांनी नवे मशीन काढले असते तर त्या पत्र्याच्या डब्यात कोणाचेही काहीही कोणालाही लागू पडले नसते. नमुना स्थिर राहण्याचे हे फळ कारखानदाराने योजिलेले असो वा नसो, ते गिऱ्हाइकाच्या पदरात पडले एवढे खरे.

मी हे बोलून दाखविले तेव्हा भाचीने जे उत्तर दिले ते त्या सबंध दिवसातले सर्वांत वजनदार उत्तर होते, असे मी आजही मानतो. “काका, तुम्ही त्या कारागिराचे कौशल्य पाहिलेत; त्याची मजुरी पाहिलीत काय? भिंग लावून, पाठ वाकवून, वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेल्या हाताने तो जे काम करतो त्याचे तो किती घेतो, आणि तेवढ्याच तासांचे पैसे ठाण्यातला एखादा साधा वायरमन किती घेतो, हे ताडून पाहा. तुमच्या घड्याळाचा टिकाऊपणा अर्धा त्या मशीनवर उभा आहे, आणि अर्धा त्या माणसाच्या स्वस्त श्रमांवर. त्याचा मुलगा त्या जिन्याखाली येऊन बसणार नाही, आणि त्याने बसावे असे आपण म्हणताही कामा नये. श्रमाला योग्य मोल मिळू लागले म्हणजे दुरुस्ती वस्तूपेक्षा महाग होते, आणि मग तुमचे सगळे अर्थशास्त्र उलटे फिरते. म्हणून मी तुम्हाला असे घड्याळ देणार होते, की ज्याला दुरुस्तीची गरजच लागू नये.”

ते घड्याळ म्हणजे कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू. काळ्या पट्ट्याचे, चौकोनी चेहऱ्याचे ते डिजिटल घड्याळ लोकलच्या डब्यात दांडीला धरलेल्या हातांवर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. विद्यार्थ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्व थरांत त्याचा संचार आहे. ते १९८९ साली निघाले, र्‍यूसुके मोरियाई या जपानी आराखडाकाराचे ते काम, आणि त्यानंतर त्याच्या रूपात म्हणण्यासारखा बदल झालेला नाही. वजन अवघे एकवीस ग्रॅम. एक सेल सुमारे सात वर्षे पुरतो. महिन्याकाठी फरक पडला तर तीस सेकंदांच्या आत. “तुमची ‘जनता’ एका दिवसात जेवढी पुढेमागे होते,” ती म्हणाली, “तेवढी चूक करायला याला महिना लागतो. आत क्वार्ट्झचा एक इवलासा दोलक सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा कंप पावतो आणि त्याची मोजणी होते. त्यात झिजणारे असे काही नाहीच. जुना नमुना, वर्षानुवर्षे तोच, किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली, वेळ बिनचूक. डोंबिवलीहून सकाळी लोकल गाठणाऱ्याला आणखी काय हवे? मामा, तुमच्या कसोटीला हे उतरते की नाही?”

अण्णांनी ते घड्याळ हातात घेतले, मागची चार स्क्रूंनी बसविलेली पट्टी न्याहाळली, आणि त्यांनी दिलेला जबाब त्यांच्या खात्याला शोभेल असा होता. “उतरते, पण अर्धेच. याचे रूप टिकले आहे. याचे आयुष्य टिकण्याजोगे केलेले नाही. सेल बदलता येतो, पट्टा बदलता येतो. त्यापुढे काही बिघडले तर हे टाकायचे आणि अगदी असेच दुसरे घ्यायचे. स्वस्त आहे म्हणून टाकणे जिवावर येत नाही हे खरे. परंतु टाकलेल्या वस्तूची नोंद कोणाच्या तरी खात्यावर पडतेच, आणि आमच्या खाडीकाठी साचणाऱ्या कचऱ्याकडे पाहिले म्हणजे ती कोणाच्या खात्यावर पडते ते कळते. वेळेच्या अचूकपणाविषयी तू म्हणतेस ते मान्य. तरी एक सांगतो : १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली तेव्हा मुंबई शहराने आपली निराळी वेळ सोडली नाही, ती एकोणचाळीस मिनिटे मागे असे, आणि हा शिरस्ता १९५५ पर्यंत चालला. एवढी वर्षे लोकांनी दोन वेळा सांभाळल्या, पण घड्याळाच्या तबकडीवरची एक रेघही कोणाला बदलावी लागली नाही. बारा आकडे आणि दोन काटे ही योजनाच इतकी पक्की आहे. वेळ बदलली तरी चालावा असा नमुना, त्याला मी नमुना म्हणतो.”

येथवर विषय मनगटावरच होता. तो स्वयंपाकघरात गेला तो मामींमुळे, आणि माझ्या मते खऱ्या निर्णयाची जागा तेथेच होती.

मामींच्या ओट्यावर हॉकिन्सचा पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर होता. ही कंपनी १९५९ सालची, आणि तिचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आहे. म्हणजे ज्या नमुन्याविषयी आम्ही बोलत होतो तो भाचीच्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर घडविला जातो. या कुकरचे झाकण बाहेरून बसत नाही. त्याची कड किंचित लंबगोल असते; झाकण तिरपे करून तोंडातून आत सोडावे लागते, मग ते फिरवून, वर ओढून, दांड्याची कडी अडकवायची. आत वाफ कोंडली की ती झाकणाला आतून वर, काठाशी दाबून धरते. दाब जितका अधिक तितके ते घट्ट बसते, आणि आतला दाब ओसरेपर्यंत कोणी घाईने उघडू म्हटले तरी उघडत नाही. सुरक्षिततेसाठी निराळे यंत्र जोडण्याऐवजी खुद्द धोक्यालाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ती आहे. वाफेच्या दाबाने अन्न शिजविण्याची मूळ कल्पना डेनिस पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती, आणि दाब हाताबाहेर गेला तर वाफ सुटावी म्हणून त्याने आपल्या भांड्याला झडपही बसविली होती. परंतु ते भांडे प्रयोगशाळेतून निघून डाळ-भाताच्या कामाला लागायला, आणि सासू-सुनांच्या हाती बिनधोक सोपविता यायला, झाकणासारख्या साध्या भागाचा एवढा विचार कोणीतरी करावा लागला.

“हा कुकर घेतला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस,” मामी भाचीला म्हणाल्या. “शिट्टी एकदा बदलली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलले, मूठ जळली तेव्हा मूठ बदलली. रिंग तर किती वेळा बदलली त्याला गणती नाही. जांभळी नाक्याला जा, नाही तर इथे बाजारात जा; भांड्यांच्या दुकानात रिंगा टांगलेल्या असतात. तो एवढेच विचारतो, किती लिटरचा? आणि मी एवढेच सांगते की, ओरिजिनल दे, डुप्लिकेट नको.”

अण्णांनी हे ऐकले मात्र, आणि त्यांना आपला मुद्दा गवसला. “ऐकलेस? तू म्हणालीस की दुरुस्ती कारागिराच्या स्वस्त श्रमांवर उभी असते. येथे कारागीर कोठे आहे? रिंग तुझी मामी स्वतः बसविते. दुरुस्ती महाग होते ती भाग मिळत नाही तेव्हा, किंवा तो बसवायला तज्ज्ञ लागतो तेव्हा. नमुना असा असेल की झिजणारा भाग कोणता हे आधीच ठरलेले आहे, तो वेगळा निघतो, त्याचे माप वर्षानुवर्षे तेच राहते आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, तर तेथे कोणाच्याही श्रमांचे शोषण होत नाही. जिन्याखालच्या त्या माणसाविषयी तू बोललीस ते मला लागले, आणि त्याला आपण कमी पैसे देतो हे मी कबूल करतो. पण त्याचा उपाय वस्तू टाकून देणे हा नव्हे. जी मालकालाच दुरुस्त करता येईल अशी वस्तू करणे हा आहे, आणि ते काम तुझे आहे.”

यावर भाची काही वेळ बोलली नाही. मग तिने पद्मिनीचे उदाहरण काढले, बहुधा मामांना अडचणीत आणण्यासाठी. “मग मुंबईच्या टॅक्सीचे काय? फियाटच्या नमुन्यावर १९६४ पासून प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात ती गाडी काढली, पुढे तिला पद्मिनी नाव दिले आणि नव्या शतकाच्या तोंडापर्यंत जवळजवळ तशीच विकली. भाग सर्वत्र मिळत, मिस्त्री कोणीही चालत असे. म्हणून ती चांगली गाडी ठरते काय? आत बसणाऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी त्या काळानंतर जे जे शोध लागले त्यांतले तिच्यात जवळजवळ काही नव्हते, आणि तिचा धूर सगळ्या शहराने गिळला. स्थिर नमुना म्हणजे स्थिर राहिलेला दोषही असू शकतो.”

“दोष होते,” अण्णा म्हणाले, “आणि कायद्याने तिला वीस वर्षांची मुदत घातली ती योग्यच घातली. तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण तू अर्धीच गोष्ट सांगितलीस. त्याच कंपनीने नव्वदीच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीशी भागी करून इथे, आपल्या कल्याणच्या कारखान्यात, ३०९ नावाची नवीन मोटार काढली. गाडी पद्मिनीपेक्षा सर्व बाबतींत पुढारलेली. भागी काही वर्षांतच मोडली आणि उत्पादन थांबले. आता जिच्या गाड्या थोड्या निघाल्या आणि जिचा कारखानदार निघून गेला, तिच्या भागांसाठी कुर्ल्याचा कोणता दुकानदार माल भरून ठेवील? पुढारलेली गाडी आधी गेली, मागासलेली वीस वर्षे चालली. हा न्याय मला आवडतो असे नाही. पण जमाखर्चात तो लिहावा लागतो.”

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील विकोचाही उल्लेख या ओघात झाला. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली काढलेला हा उद्योग. गावातील पेंढरकर महाविद्यालय त्यांच्याच नावाचे, आणि वज्रदंतीचे नाव व ओळख इतकी वर्षे बहुतांशी तीच राहिली आहे. परंतु दंतमंजनाची दुरुस्ती होत नाही. तेथे स्थैर्याचा अर्थ पाककृतीवरचा विश्वास एवढाच आहे. म्हणून तो विषय आम्ही पुढे नेला नाही.

यानंतर भाची जे बोलली ते वादासाठी नव्हते, कामाच्या अनुभवाने आलेले होते, आणि म्हणून त्याचे मोल मी अधिक समजतो. “मामा, आतली गोष्ट सांगते. आम्ही मिक्सरचा नवा नमुना काढतो तेव्हा मोटर तीच असते, पाती तीच असतात, फिरण्याचा वेग तोच असतो. बदलते ते बाहेरचे कवच, आणि कवचाबरोबर भांडे जिथे बसते ती खाच. ती खाच बदलण्याचे यांत्रिक कारण बहुतेक वेळा काहीही नसते. कवचाचा साचा नवा करायचाच आहे तर तीही थोडी फिरवू या, म्हणजे जुने भांडे नव्यावर बसणार नाही, एवढेच. विक्री खात्याला दिवाळीपूर्वी दुकानाच्या फळीवर काहीतरी नवे मांडायचे असते. मग जुन्या भांड्याचा साचा जपून ठेवणे, त्याचे भाग अधूनमधून काढणे, गोदामात साठविणे, हा सगळा खर्च नावे पडतो आणि जमेच्या बाजूला काही दिसत नाही; म्हणून दोन-तीन वर्षांत तो साचा भंगारात जातो. मी हे बदल केले आहेत. मामीच्या रिंगेचे माप कोणी इतकी वर्षे सांभाळले असेल, तर त्या कारखान्यात दरवर्षी कोणीतरी विक्री खात्याला नाही म्हणत असले पाहिजे.”

“मग तूही म्हण,” अण्णा एवढेच म्हणाले.

“एकटीने म्हणून चालत नाही. कायदा पाठीशी लागतो. फ्रान्सने २०२१ पासून काही विजेच्या उपकरणांवर ती कितपत दुरुस्त होतात याचा दहापैकी आकडा छापणे सक्तीचे केले आहे. गिऱ्हाईक किंमत पाहते तसा तो आकडाही पाहते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती द्यावी अशी योजना आहे. सक्ती मात्र नाही. आणि मामा, सक्ती आली तरी मी नमुना बदलण्याचा हक्क सोडणार नाही. बिक कंपनीचे साधे बॉलपेन १९५० पासून तेच आहे असे सगळे म्हणतात. पण त्याच्या टोपणाला पुढे एक छिद्र पाडले गेले, कारण एखाद्या मुलाने ते गिळले तर श्वास चालू राहावा. ते छिद्र नसलेले जुने टोपण जपण्यात मला काही पुण्य दिसत नाही.”

“ते छिद्र पडल्यावर जुन्या पेनला नवे टोपण बसते की नाही?”

“बसते.”

“मग तुझे माझे भांडण नाही,” अण्णा म्हणाले. आणि माझ्या समजुतीप्रमाणे निर्णय येथेच झाला होता, जरी त्यानंतरही दोघे बराच वेळ बोलत राहिली.

कारण वाद जुन्या-नव्याचा नव्हताच. वस्तूचे रूप बदलावे की नाही हा कारखानदाराच्या बुद्धीचा, गिऱ्हाइकाच्या हौशीचा आणि काळाच्या गरजेचा प्रश्न आहे, आणि त्यात हुकूम चालविण्याचा अखत्यार कोणालाही नाही. परंतु वस्तू विकताना कारखानदार आणखी एक गोष्ट विकतो, तिचा उल्लेख पावतीवर नसतो : जो भाग झिजणार आहे तो झिजल्यावर त्याच मापाचा दुसरा मिळेल, ही हमी. हॉकिन्सने झाकणाची कड तीच ठेवली म्हणून मामींची हमी शाबूत राहिली. एच.एम.टी.ची हमी कारखाना गेल्यावर जिन्याखालच्या डब्यात, मेलेल्या घड्याळांच्या रूपाने, काही वर्षे तग धरून आहे. तो डबा रिता होईल तेव्हा अण्णांच्या ‘जनता’ला कोणी वाली उरणार नाही. कॅसिओने ती हमी दिलेलीच नाही, पण तसे सोंगही आणलेले नाही, आणि किंमत त्या मानानेच ठेवली आहे. हा प्रामाणिकपणा मी कमी लेखत नाही. सर्वांत वाईट व्यवहार तो, की ज्यात मिक्सरची किंमत टिकाऊ वस्तूची घ्यायची, वॉरंटीच्या कागदावर मोटरला पाच वर्षे द्यायची, आणि भांड्याची खाच तिसऱ्या वर्षी फिरवायची. भाचीने सांगितला तो हाच, आणि तो कोण्या एका कंपनीचा नाही.

तेव्हा वागळे इस्टेटीत, डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत आणि इतरत्र जे जे आराखडे करीत असतील त्यांना माझी विनंती अशी आहे की, वॉरंटीच्या कागदावर जेथे दुरुस्तीची मुदत छापता त्याच्याच खाली झिजणाऱ्या भागांची नावे आणि ते भाग किती वर्षे मिळत राहतील ती मुदतही छापा. आणि वाचकांना विनंती अशी की, येत्या पाडव्याला किंवा दिवाळीला घरात नवे उपकरण आणाल तेव्हा सवलत किती एवढेच विचारून थांबू नका. याचे भांडे, याची रिंग, याचा पट्टा पाच वर्षांनी कोठे मिळेल ते दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जा.